दगडी एक, जंतू अनेक

न्हावरे शिरूर तालुक्यात येते, पण चौफुल्याच्या रस्त्याने दौंडशीही त्याची रोजची ये-जा आहे. घोडगंगा साखर कारखाना याच गावचा, त्यामुळे बाहेरच्या माणसाला न्हावरे म्हटले की ऊस आठवतो. उसाचे पैसे मात्र हप्त्याहप्त्याने, महिनोन्‌महिने वाट पाहायला लावून येतात. किराणा, शाळेची फी, विजेचे बिल यांची सोय लावतो तो दुधाचा पगार, आणि तो मिळवून देते दावणीची संकरित गाय. इथून जवळच, उरुळी कांचनला, मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गोठवलेल्या रेतमात्रांतून होल्स्टिन आणि जर्सीचे रक्त महाराष्ट्राच्या गोठ्यांत पसरले, त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. दोन-चार लिटरच्या देशी गाईच्या जागी दहा-पंधरा लिटरची गाय आली. एवढे दूध देणाऱ्या कासेला जपावेही तेवढेच लागते, हे दगडीने, म्हणजे कासेच्या सुजेने, शिकवले.

सकाळी धार काढायला बसावे तर एक सड गरम लागतो. कास ताठरलेली असते, गाय हात लावू देत नाही आणि पहिल्या धारेबरोबर दुधातून गुठळ्या पडतात. पुस्तकात याला कासदाह म्हणतात. डॉक्टर येतात, सडात औषधाची ट्यूब सोडतात, इंजेक्शन देतात. एखादी गाय तीन दिवसांत बरी होते. दुसरी बरी होते आणि महिन्याभराने त्याच सडात पुन्हा सूज येते. तिसरीचा सड कायमचा बाद होतो आणि काष्टीच्या जनावरांच्या बाजारात तीन सडांची गाय म्हणून तिचा भाव पडतो. चौथी तर संध्याकाळपर्यंत उठतच नाही. चारही गाईंना झाली ती दगडीच, ट्यूबही पुष्कळदा एकाच प्रकारची. तरी निकाल इतके वेगळे लागतात, याचे मुख्य कारण म्हणजे कासेत शिरलेला जंतू वेगळा असतो. ‘कोणती ट्यूब सोडायची?’ हा प्रश्न म्हणूनच दुसरा आहे. ‘जंतू कोणता?’ हा पहिला. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत कसे शोधतात आणि ते हाती आल्यावर गोठ्यात काय बदलते, ते पाहू.

जंतू येतो कुठून?

बाहेरून कास एक दिसते, पण आत तिचे चार स्वतंत्र भाग असतात. एका भागातले दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच एका सडाला दगडी होऊन बाकीचे तीन धडधाकट राहू शकतात. सडाच्या टोकाशी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची नळी असते. एरवी स्नायूंच्या वळ्याने ती घट्ट मिटलेली असते. तिच्या आतला मेणचट थरही जंतूंना अडवतो. धार काढल्यावर मात्र ती पुरती मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो. जाणते शेतकरी धार झाल्यावर लगेच गव्हाणीत वैरण टाकतात. गाय खात उभी राहते, शेणामुतात बसत नाही, आणि तेवढ्यात सडाचे तोंड मिटते.

या वाटेने शिरणाऱ्या जंतूंचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट गाईकडून गाईकडे जाणारा. स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्यातले मुख्य. आजारी कासेतून धार काढणाऱ्याच्या हाताला, सगळ्या गाईंना मिळून वापरलेल्या फडक्याला किंवा मिल्किंग मशीनच्या रबरी नळीला लागून ते पुढच्या गाईपर्यंत पोचतात. एदमों नोकार आणि मोलेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दुभत्या गाईंच्या संसर्गजन्य कासदाहाचे आणि त्यातल्या साखळीसारख्या जंतूचे वर्णन १८८७ मध्येच केले होते. दुसरा गट परिसरातला. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला शेणात, चिखलात, ओल्या भुशात असतात. स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस ओल्या गादीत तग धरतो, तर स्यूडोमोनास दूषित पाण्यातून, अगदी कास धुवायच्या बादलीतूनही येतो. या दोन गटांच्या मधे सडाच्या कातडीवर राहणारे, एरवी निरुपद्रवी वाटणारे स्टॅफिलोकॉकस असतात. ते सौम्य, लांबणारी सूज देतात. याखेरीज मायकोप्लाझ्मा, यीस्ट, आणि प्रोटोथिका नावाचे रंगहीन शैवालसुद्धा दगडीला कारण होऊ शकते. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात. यीस्ट आणि शैवाल त्यांना जुमानत नाहीत, म्हणजे अशा गाईला कितीही ट्यूब सोडल्या तरी ते पैसे वायाच जायचे.

न दिसणारी दगडी

सुजलेली कास कोणालाही दिसते. नुकसान जास्त करते ती सुप्त दगडी. कास मऊ असते, दूध पांढरे असते, गाय चारा खात असते. फक्त दूध अर्धा-एक लिटरने घटलेले असते आणि डेअरीवर एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) लागत नाही. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ या मापावर ठरतो. सुजलेल्या कासेत दुधातली साखर आणि केसीन घटते, रक्तातले क्षार दुधात उतरतात, दूध किंचित खारट होते. एसएनएफ कमी लागल्यावर शेतकरी खुराकाला दोष देतो, पण दुखणे सडात असते.

ते पकडायची साधी युक्ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये काढली. ती ‘सीएमटी’ या नावाने आपल्याकडेही रुळली आहे. चार खळगे असलेल्या प्लास्टिकच्या तबकात चारही सडांचे थोडे थोडे दूध घ्यायचे, तेवढेच द्रावण ओतायचे आणि तबक गोल फिरवायचे. जंतू शिरला की त्याच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. द्रावणातला साबणासारखा पदार्थ त्या पेशी फोडतो, त्यांच्यातला डीएनए मोकळा होतो आणि मिश्रण चिकट, दाटसर बनते. जितके घट्ट, तितक्या पेशी जास्त. निरोगी सडाच्या दुधात मिलिलिटरला एक लाखापेक्षा कमी पेशी असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की सुप्त कासदाहाचा संशय धरतात. युरोपीय संघात कच्च्या दुधाला चार लाखांची मर्यादा आहे. आपल्याकडे गाव पातळीच्या संकलनात पेशी मोजत नाहीत, म्हणून ही चाचणी गोठ्यातच व्हायला हवी. द्रावण हाताशी नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवूनही काम भागते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि गाय आटत आलेली असताना पेशी मुळातच जास्त असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

सीएमटी सांगते ते एवढेच, की या सडात लढाई चालू आहे. शत्रू कोण, ते तिला कळत नाही. त्यासाठी दूध प्रयोगशाळेत जायला हवे.

अर्धी प्रयोगशाळा गोठ्यात

अहवाल खरा येणार की खोटा, हे पुष्कळसे गोठ्यातच ठरते. शेणाने माखलेल्या सडातून, कालच्या सॉसच्या बाटलीत घेतलेले दूध प्रयोगशाळेत नेले तर उगवते ते गोठ्यातले शेण आणि बाटलीतली घाण. एका सडाच्या नमुन्यात तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू वाढले तर प्रयोगशाळा तो नमुना दूषित धरते. अशा अहवालावर औषध ठरवता येत नाही.

नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे. नमुना ट्यूब सोडण्याआधी घ्यायचा. सड धुऊन कोरडे करायचे आणि पहिल्या तीन-चार धारा सोडून द्यायच्या, कारण सडाच्या तोंडाशी बसलेले जंतू त्यांत असतात. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक पुसायचे, आणि कापूस स्वच्छ निघेपर्यंत दर वेळी नवा बोळा घ्यायचा. पुसताना आधी पलीकडचे सड, नंतर आपल्या बाजूचे. दूध घेताना क्रम उलटा: आधी आपल्या बाजूचे, मग पलीकडचे. असे केले म्हणजे पुसून स्वच्छ केलेल्या सडाला मनगट घासत नाही. निर्जंतुक नळी आडवी धरायची, नाहीतर कासेवरचे केस आणि धूळ आत पडते. झाकण हातातच ठेवायचे, खाली ठेवायचे नाही. पाच-दहा मिलिलिटर दूध पुरते. नळीवर गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, कोणता सड, तारीख आणि आधी दिलेले औषध लिहायचे. ‘डावा पुढचा’ एवढे दोन शब्द राहिले तरी पुढचा सगळा खटाटोप अंधारात जातो.

त्यानंतर बर्फ. ई. कोलायला ऊब मिळाली तर तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे चार तासांत चार हजारांवर जातात. एप्रिलच्या उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत, शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीतून पुण्याला पोचणाऱ्या नळीत नेमके हेच घडते. गोठ्यात चुकून पडलेले चार जंतू औंधच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मुख्य आरोपी होऊन बसतात. बर्फाच्या डब्यात, चार अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेला नमुना चोवीस तासांच्या आत पोचला तर हा धोका टळतो.

प्लेटवरचे चोवीस तास

जनावरांच्या जंतूंचा अभ्यास पुण्याला नवा नाही. भारतातली पहिली पशुरोग जीवाणूशास्त्र प्रयोगशाळा, ‘इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी’, डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. संसर्गजन्य जंतू भरवस्तीत हाताळणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. आज न्हावऱ्याच्या पशुपालकाला जवळची म्हणजे औंधची राज्य पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही हे काम चालते.

प्रयोगशाळेत नमुना आला की तारेच्या बारीक कडीने ०.०१ मिलिलिटर दूध रक्त मिसळलेल्या अगारच्या प्लेटवर पसरतात. एका प्लेटचे चार भाग करून चारही सडांचे दूध शेजारी शेजारी लावता येते. अगार हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत; ते उबेला वितळायचे. १८८१ मध्ये फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या स्वयंपाकात वापरात असलेला अगार सुचवला. गाईच्या अंगाच्या उबेलाही तो घट्ट राहतो, म्हणून जंतू जागच्या जागी वाढतात. अगारमध्ये पाच टक्के मेंढीचे रक्त घातलेले असते. ते जंतूंचे अन्न आहे आणि त्यांची परीक्षाही.

प्लेट ३७ अंशांच्या उबदार कपाटात ठेवतात आणि २४ व ४८ तासांनी पाहतात. दुधातला एकेक जंतू वाढून डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका झालेला असतो. ठिपक्यांची संख्याही बोलते: ०.०१ मिलिलिटर दुधातून एक ठिपका उगवला, म्हणजे मिलिलिटरला शंभर जंतू. जाणकार तंत्रज्ञ नुसत्या नजरेने अंदाज बांधू लागतो. मलईच्या किंवा फिकट सोनेरी रंगाचे ठिपके, भोवती रक्त विरघळून झालेली दुहेरी कडी, आतली स्वच्छ आणि बाहेरची धूसर, असे दिसले की संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर. टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक थेंब दिसले की स्ट्रेप्टोकॉकसवर. मोठे, ओलसर, तारेला चिकटून लोंबणारे ठिपके असले तर बहुधा क्लेब्सिएला. निळसर हिरवट छटा आणि उग्र वास असेल तर स्यूडोमोनास. पण अंदाज अहवालात लिहीत नाहीत. त्यासाठी जंतूला एकेक प्रश्न विचारावा लागतो.

जंतूची उलटतपासणी

पहिला प्रश्न ग्रामच्या रंगाचा. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली. काचपट्टीवर जंतू पसरून जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचे आणि शेवटी तांबडा रंग. ज्यांची भिंत जाड त्यांच्यात जांभळा रंग अडकून राहतो, ते ग्राम-पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि वर आणखी एक आवरण, त्यांचा जांभळा धुऊन जातो आणि ते तांबडे दिसतात, ते ग्राम-निगेटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली आकारही कळतो: स्टॅफिलोकॉकसचे गोळे घोसाने असतात, स्ट्रेप्टोकॉकसचे ओळीने, ई. कोलायच्या कांड्या असतात. ही भिंतीची माहिती औषधाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण पेनिसिलीन जंतूची भिंत बांधू देत नाही. ग्राम-निगेटिव्हांचे बाहेरचे आवरण साध्या पेनिसिलीनला बहुतांशी आत शिरू देत नाही, आणि मायकोप्लाझ्माला तर मुळात भिंतच नसते.

गोळे घोसात आहेत की ओळीत, याबद्दल शंका राहिली तर कॅटलेज चाचणी. काचपट्टीवरच्या जंतूवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. स्टॅफिलोकॉकस असेल तर लगेच फेस येतो, स्ट्रेप्टोकॉकस असेल तर काही होत नाही. जंतू उचलताना प्लेटवरचे रक्त सोबत येता कामा नये, कारण रक्तपेशींतही कॅटलेज असते आणि फेस येऊन निकाल चुकतो.

फेस आला तर पुढची पायरी कोॲग्युलेजची. सशाच्या रक्तद्रवात जंतू मिसळून नळी ३७ अंशांवर ठेवतात. द्रव गोठला, की साधारणपणे तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. चार तासांत गोठला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहतात. न गोठल्यास कातडीवरचे सौम्य स्टॅफिलोकॉकस. गाईच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. सौम्य प्रकार पुष्कळदा आपोआप बरा होतो. ऑरियस मात्र कासेच्या ऊतीत खोल शिरतो, पुवाच्या बारीक गाठींत दडतो, स्वतःभोवती चिकट थर बांधतो, आणि त्याचे पुष्कळ वाण पेनिसिलीन मोडून टाकणारे विकर तयार करतात.

फेस आला नाही, तर स्ट्रेप्टोकॉकसमधला कोणता हे पाहायचे. इथे १९४४ मध्ये ख्रिस्टी, ॲटकिन्स आणि मंच-पीटरसन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शोधलेली, त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘कॅम्प’ म्हणून ओळखली जाणारी चाचणी कामी येते. रक्ताच्या प्लेटवर ओळखीच्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एक सरळ रेघ ओढतात. तिला काटकोनात, पण न टेकता, संशयित जंतूची रेघ ओढतात. दुसऱ्या दिवशी दोन रेघा जिथे जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ पट्टा दिसला, तर तो स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी. दोन्ही जंतूंचे स्राव मिळून रक्तपेशी पुरत्या फोडतात. एकेकट्याला ते जमत नाही. इस्क्युलिन घातलेले माध्यम काळपट तपकिरी पडले तर संशय युबेरिसवर जातो.

ग्राम-निगेटिव्ह कांड्यांची वाट निराळी. त्यांना मॅकॉन्की अगारवर वाढवतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला तिथे गुलाबी दिसतात. स्यूडोमोनास रंगहीन राहतो. पुढे इंडोलच्या चाचणीत ई. कोलाय लाल कडे देतो, तर सिट्रेटचे हिरवे माध्यम क्लेब्सिएला निळे करून टाकतो आणि ई. कोलाय तसेच ठेवतो. अशा साध्या, स्वस्त आणि कित्येक दशके पारखलेल्या प्रश्नांनी बहुतेक दगडीचे जंतू दोन-तीन दिवसांत नावानिशी समोर येतात.

आता याहून वेगवान साधनेही आहेत. पीसीआर यंत्र थेट दुधातला जंतूचा डीएनए शोधते आणि काही तासांत उत्तर देते. मायकोप्लाझ्मासारख्या, साध्या प्लेटवर न उगवणाऱ्या जंतूसाठी ते फार उपयोगी. पण मेलेल्या जंतूचाही डीएनए ते दाखवते, आणि नमुना अस्वच्छ असेल तर शेणातल्या जंतूचाही. माल्डी-टॉफ यंत्र ठिपक्यातल्या प्रथिनांची वजने मोजून, संग्रहातल्या नोंदींशी ताडून काही मिनिटांत नाव सांगते. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहात अशा ओळखीचे काम चालते. यंत्र कितीही महाग असो, स्वच्छ नमुन्याची गरज काही कमी होत नाही.

‘वाढ नाही’ याचाही अर्थ असतो

कधी कधी सड सुजलेला असतो आणि अहवाल येतो: जंतूंची वाढ आढळली नाही. शेतकऱ्याला वाटते प्रयोगशाळा चुकली. खरे तर कारणे अनेक असू शकतात. आधीच औषध दिलेले असेल तर जंतू मेलेले किंवा अर्धमेले असतात. ई. कोलायच्या तीव्र आजारात गाईच्या पांढऱ्या पेशी जंतूंना बऱ्याचदा झटपट मारतात. जंतू मरताना त्याच्या आवरणातले विष सुटते, आणि ताप, अशक्तपणा, पाण्यासारखे दूध हे त्या विषाचे काम असते. नमुना घेईपर्यंत जंतू संपलेले आणि गाय मात्र आडवी, असे होते. तिथे आणखी प्रतिजैविके देण्यापेक्षा सलाइन आणि सूज उतरवणारी औषधे अधिक मोलाची ठरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर दुधात रोज सारख्या संख्येने उतरतच नाही. मिलिलिटरला शंभरापेक्षा कमी असले तर ०.०१ मिलिलिटरच्या कडीत एकही न सापडण्याची शक्यता मोठी. म्हणून पेशी वाढलेल्या गाईचा एक नमुना कोरा आला तर काही दिवसांनी दुसरा पाठवतात.

वर्तुळे मोजताना

जंतूचे नाव कळल्यावर त्याच्यावर कोणते औषध चालते हे पाहतात. ठरावीक गढूळपणाचे जंतूचे द्रावण म्युलर-हिंटन अगारवर पसरून त्यावर औषध शोषलेल्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. रात्रभरात जंतू सगळीकडे वाढतो. जिथे औषध चालते तिथे चकतीभोवती मोकळे वर्तुळ राहते. ते मोजून तक्त्याशी ताडतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ज्याचे वर्तुळ सर्वांत मोठे, ते औषध सर्वांत चांगले. तसे नसते. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरते, म्हणून प्रत्येकाची पास होण्याची रेषा वेगळी असते. एकाचे १८ मिलिमीटरचे वर्तुळ पुरेसे असेल, तर दुसऱ्याचे २० चेही अपुरे ठरेल. शिवाय प्लेटवर जंतू उघड्यावर असतो. कासेत तो पुवाच्या गाठीत लपलेला असू शकतो. अहवालात ‘संवेदनशील’ लिहिले म्हणजे औषध चालण्याची शक्यता आहे. ‘प्रतिरोधक’ लिहिले असेल तर मात्र ते औषध नक्की सोडून द्यावे. दुसऱ्या बाजूच्या या माहितीचा उपयोग पुष्कळदा जास्त होतो.

अंदाजाने औषधे बदलत राहण्याचा भार गाईपुरता राहत नाही. ट्यूबमधले औषध काही दिवस दुधात उतरते. लेबलवर लिहिलेला काळ पाळायचा असतो, आणि तो लिहिलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस धरावेत, असे २०१२ पासून औषध नियमांतच आहे. प्रतिरोधक झालेले जंतू गोठ्यातून माणसांतही येतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचे राखून ठेवलेले औषध जनावरांत वापरायला भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीने.

अहवाल गोठ्यात वाचायचा

जंतूचे नाव औषधाइतकेच गोठ्याची घडी बदलण्यासाठी उपयोगी पडते. समजा, दहा गाईंच्या गोठ्यात चार गाईंत स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी निघाला. हा जंतू मुख्यतः कासेतच राहतो आणि पेनिसिलीनला सहसा दाद देतो. लागण झालेले सगळे सड एकदम उपचारले आणि धार काढण्याची शिस्त पाळली तर तो गोठ्यातून कायमचा घालवता येतो. चार गाईंत स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला तर खेळ लांबचा. आधी निरोगी गाईंची धार, मग लागण झालेल्यांची. दर गाईला वेगळे फडके. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे. मशीनचे रबर वेळेवर बदलणे. उपचाराचा चांगला काळ म्हणजे गाय आटवताना. पहिल्या-दुसऱ्या वेतातली, नुकती लागण झालेली गाय बरी होण्याची आशा असते. पाचव्या वेतातली, वर्षभर दगडी असलेली गाय मात्र इतर गाईंना जंतू पुरवत राहते, आणि ती ठेवायची की नाही याचा विचार करावाच लागतो. या जंतूचे काही वाण दुधात असे विष सोडतात जे उकळल्यानेही जात नाही, म्हणून अशा सडाचे दूध घरात वापरू नये आणि वासरालाही पाजू नये.

पावसाळ्यात एकामागून एक गाई आजारी पडल्या आणि दर वेळी ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला निघाला, तर हात आणि मशीन यांच्यापेक्षा जमीन तपासायची. मुक्त संचार गोठ्यात पाणी कुठे साचते, बसायच्या जागी टाकलेले पाचट किंवा भुसा किती दिवस ओला राहतो, गाय व्यायला बांधतात ती जागा कोरडी आहे का, हे पाहायचे. स्यूडोमोनास आला तर कास धुवायचे पाणी आणि बुडवायचे द्रावण आधी बदलायचे. स्वच्छता दोन्हीकडे लागतेच, पण कष्ट आणि पैसा कुठे आधी घालायचा हे जंतूचे नाव सांगते.

तीन-चार दिवसांनी आलेला अहवाल काय कामाचा, असा सवाल गोठ्यात नेहमी होतो. गाय तापाने फणफणली असेल तर डॉक्टरांनी थांबू नये हे बरोबर. त्यांनी नमुना घ्यावा आणि अनुभवाने उपचार सुरू करावेत. अहवाल आल्यावर ते चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे हे ठरते. आजारी गाईला तो उशिरा मिळाला असेल, पण उरलेल्या नऊ गाईंसाठी तो वेळेवर आलेला असतो. गावच्या दूध संकलन केंद्राने महिन्यातून एकदा प्रत्येक गोठ्याची सीएमटी करवली, संशयित सडांचे नमुने एकाच बर्फाच्या डब्यात औंधला पाठवले आणि आलेले अहवाल एका वहीत उतरवले, तर वर्षभरात गावाला आपल्या दगडीचा नकाशा मिळेल. पुढच्या वेळी डॉक्टर पहिली ट्यूब काढतील तेव्हा त्यांच्यासमोर ती वही उघडी असावी.